टिक लागलेली मेंढरं

लेखापरीक्षक हा समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीचा राखणदार असतो, असं होनपसाहेबांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी आकारामला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तो स्टुलावर चढून त्यांच्या दिवाणखान्याचे पडदे उतरवत होता. दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा तो रॉकेलच्या रांगेतून अडीच तासांनी रिकामा डबा घेऊन परतला होता.

'होनप अँड कंपनी, चार्टर्ड अकाउंटंट्स' या सांगलीच्या फर्ममध्ये आकारामच्या उमेदवारीला अडीच वर्षं झाली होती. एवढ्या काळात फर्ममधली 'कंपनी' म्हणजे कोण, हे त्याला उमगलं नव्हतं. हिशेबतपासणी म्हणजे काय, हेही फारसं उमगलं नव्हतं. होनपवहिनींच्या पोळ्यांना कुठल्या दुकानातला गहू चालत नाही, याचं ज्ञान मात्र पक्कं झालं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टमधल्या एका सोमवारी तो सी.ए. इंटरच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. मे महिन्याची परीक्षा साहेबांच्या मेहुणीच्या लग्नात बुडाली होती. पंगतीला वाढायला माणूस कमी पडत होता. त्या वेळी कोरेगावला त्याचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, एवढंच म्हणाले होते, "नोव्हेंबरला बस. न्हाई बसलास तर वळकटी बांध आन् घरला ये. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची नोंद करायला माणूस पायजे. मी शबूद टाकून ठेवलाय." हवालदारांनी टाकलेला शब्द परत उचलल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

"साहेब, फॉर्मवर तुमची सही लागते. पुढच्या सोमवारपर्यंत दिल्लीला पोचायला हवा. म्हणजे गुरुवारी इथून टपालात पडला पाहिजे."

"पडेल की," साहेब म्हणाले. "आधी माण तालुक्यात जाऊन ये. एका मेंढीपालन संस्थेला बँकेनं कर्ज दिलंय, दोनशे चाळीस मेंढ्यांवर. मेंढ्या खरंच आहेत की नुसत्या कागदावर, ते आपण बँकेला लिहून द्यायचंय. मोज आणि ये. बुधवारी रात्री परत. गुरुवारी सकाळी सही."

"आत्ताच केली असती तर..."

"आधी काम, मग सही. आणि ध्यानात ठेव, पाहिलं त्याला टिक. टिक नाही, म्हणजे पाहिलं नाही." एवढं बोलून साहेबांनी त्याला एक लाल पेन्सिल दिली. अडीच वर्षांत फर्मनं त्याच्या हाती दिलेलं हे व्यवसायाचं पहिलं हत्यार. आकारामला क्षणभर भरून आलं.

दहिवडीच्या पुढे बारा मैलांवर ते गाव होतं. ऑगस्ट असूनही तिथं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. संस्थेचे चेअरमन नाथाजी आपल्याच घराच्या सावलीत घोंगडं अंथरून बसले होते. शेजारी मोठ्या वाड्यात, म्हणजे काटेरी कुंपणात, योजनेतली पांढरी मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढत होती.

"अण्णा, एकूण किती आहेत?" आकारामनं विचारलं.

"मेंढरं मोजत न्हाईत," नाथाजी म्हणाले. "मोजली की घटत्यात."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"तोंडं बघून. तुमच्या घरात मानसं मोजता का जेवायला बसताना?"

"पण कागदावर दोनशे चाळीस आहेत."

"कागदावर आसतील."

आकारामनं स्वतः मोजायला घेतलं. पहिल्यांदा एकशे सत्त्याऐंशी भरली, दुसऱ्यांदा दोनशे अकरा. तिसऱ्यांदा दीडशेपर्यंत आल्यावर एक एडका उगाच मागं फिरला आणि त्याच्या मागं सगळा कळप फिरला. मंगळवारचा दिवस असाच मावळला. तेव्हा आकारामला साहेबांचं वचन आठवलं. पाहिलं त्याला टिक. पेन्सिल लोकरीवर उमटत नव्हती, पण विद्येचा खरा उपयोग अशाच वेळी करायचा असतो. गावातल्या एकुलत्या एका दुकानातून त्यानं लाल रंगाची पुडी आणली. "पक्का हाय न्हवं?" असं त्यानंच दुकानदाराला दोनदा विचारलं.

बुधवारी दिवस उगवताना नाथाजी शेताकडं गेले होते. आकारामनं नाथाजींच्या बायकोकडून, राहीबाईंकडून, एक जुनं भगुलं मागून घेतलं, रंग कालवला, बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला आणि कुंपणाचं तोंड थोडं उघडून बाहेर पडेल त्या मेंढराच्या पाठीवर टिक मारायला सुरुवात केली.

राहीबाई दारातून बघत होत्या. "रंग लावताय व्हय?"

"हो मावशी."

"सगळ्यास्नी?"

"एकूण एक. साहेबांचा हुकूमच आहे."

राहीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. थोड्या वेळानं त्या चहा घेऊन आल्या. कालच्यासारखा गुळाचा नव्हे, साखरेचा. मग बसायला नवं घोंगडं आलं. मग आत जाऊन त्यांनी कोंबडीमागं पोरांना पिटाळलं. लेखापरीक्षकाला खेड्यातली साधी माणसं अजून मान देतात, हे पाहून आकारामला सांगलीची कीव आली.

शेवटच्या मेंढराला टिक पडली तेव्हा आकडा होता एकशे त्र्याण्णव. त्यानं तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि वर पाहिलं. समोर नाथाजी उभे होते. त्यांच्यामागं गावातले चार वयस्क आणि दहिवडीच्या बाजाराचा व्यापारी सिकंदर. नाथाजींच्या हातात नारळ होता.

"बोला," नाथाजी म्हणाले. "काय भाव धरलाय?"

"कशाचा?"

"मेंढरांचा. रंग लावला न्हवं तुमी."

"ती टिक आहे अण्णा. मोजल्याची खूण."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मग सिकंदरनं, लहान पोराला समजवावं तशा सुरात, उलगडा केला. "भाऊ, माण मुलखात घेणारा मानूस मेंढराला रंग लावतो. रंग लागला की सौदा झाला. तोंडानं बोलायचं कामच न्हाई. मग त्या मालाला दुसरा कोण हात लावत न्हाई. मी आज तीस नेणार होतो. आता मला एकबी मिळायचं न्हाई."

"पण मी सौदा केलाच नाही. मला मेंढ्या कशाला हव्यात?"

"ते आमी कसं सांगावं?" नाथाजी म्हणाले. "लावताना इचार करायचा. चावून चावून काडी केलीस, दीस वर येस्तवर एकेकाला निरखून रंग लावलास. एवढ्या निगुतीनं तर सिकंदरबी लावत न्हाई."

"मी धुऊन काढतो."

साठ फूट खोल विहिरीतून त्यानं अकरा घागरी ओढल्या. दुकानदार खोटं बोलला नव्हता, रंग पक्का होता. तीन मेंढरं धुऊन झाल्यावर टिक जिथल्या तिथं होती आणि बाकीचं मेंढरू गुलाबी झालं होतं. बाराव्या घागरीला बायकांनी दोर काढून घेतला.

"सौदा मोडता येत नाही का?" आकारामनं विचारलं.

"येतो की," सिकंदर म्हणाला. "घेणाऱ्या मालकानं पंचांफुडं नारळ फोडायचा आन् म्हनायचं, सौदा मोडला. झालं."

"मग द्या नारळ."

"तू मालक हाईस?" नाथाजींनी विचारलं. "सकाळी हिला काय म्हनालास? साहेबाचा हुकूम. हुकूम साहेबाचा, म्हंजे सौदा साहेबाचा. त्येला बोलीव."

दुपारी सिकंदरच्या हाती दहिवडीहून साहेबांना तार गेली. संध्याकाळी उत्तर आलं: गुरुवारी घरी सत्यनारायण, शुक्रवारी येतो.

गुरुवारी पहाटे आकाराम वळकटी काखोटीला मारून एसटीच्या फाट्यावर जाऊन उभा राहिला. नुसता फॉर्म जरी साहेबांपुढे धरता आला, सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर सही घेता आली, तरी संध्याकाळचं टपाल गाठता आलं असतं. गाडी आली. कंडक्टर त्याच गावचा निघाला.

"एकशे त्र्याण्णव मेंढरं टाकून कुटं निघालाय?" त्यानं दारातच विचारलं. "मालक मानसानं आसं करू ने."

"अहो, मी मालक नाही, साहेब मालक आहेत."

"मग गडी हाईस तू. गड्यानं तर राखणच करायची आसती." त्यानं घंटी ओढली. गाडी गेली.

तो दिवस आकारामनं मेंढरांमागं हिंडून काढला. राहीबाईंनी भाकरी बांधून दिली आणि सांगितलं, "तेवढं गुलाबी कोकरू लंगडतंय, त्येच्याकडं बघ." गडी ठरल्यापासून चहा पुन्हा गुळाचा झाला होता.

शुक्रवारी दुपारी होनपसाहेब टॅक्सीनं आले. त्यांनी रुमालानं मान पुसली, मेंढरांवर एक नजर टाकली, पंचांसमोर नारळ फोडला आणि "सौदा मोडला" असं म्हणाले. या सगळ्याला दोन मिनिटं लागली. सिकंदरनं लगेच तीस मेंढरं निवडून त्यांना हिरवा रंग लावला. नाथाजींनी साहेबांना साखरेचा चहा पाजला.

टॅक्सीकडं जाताना आकारामनं वही पुढं केली. "साहेब, दोनशे चाळीस नाहीत. एकशे त्र्याण्णव आहेत. मी प्रत्येक मेंढीला हात लावून मोजलंय."

"दोनशे चाळीस आहेत," साहेब म्हणाले.

"नाहीत साहेब."

"दाखला बँकेत गेलाय ना. गेल्या शुक्रवारीच दिला मी."

आकारामनं वही मिटली. "मग मला कशाला पाठवलंत?"

"फाईलला एसटीचं तिकीट लागतं. आपला माणूस जाऊन आला, याचा पुरावा नको? तिकीट जपून ठेवलंयस ना?"

आकारामनं खिशातून तिकीट काढून दिलं. साहेबांनी ते उलटसुलट पाहिलं, त्यावर लाल पेन्सिलीनं टिक केली आणि पाकिटात घातलं. मग त्यालाच आठवण करून द्यावी तसं म्हणाले, "आणि तुझा तो फॉर्म कुठाय? आण इकडे. सहीसाठी कुणाचं अडवून ठेवणं मला आवडत नाही."

टॅक्सीच्या टपावर फॉर्म ठेवून त्यांनी वळणदार सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि तारीख मात्र बुधवारची घातली, म्हणजे पोराचं नुकसान नको. गुरुवारचं टपाल कालच निघून गेलं होतं आणि पुढची परीक्षा मे महिन्यात होती.