रंगनानांचा हिरवा पेला

आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारच्या जेवणाची वेळ झाली हे कळायला घड्याळ लागत नसे. पहिल्या मजल्यावर मिक्सर घरघरायचा, थोड्या वेळाने जिन्यात चपला फरफटायच्या आणि मग कुणाच्या ना कुणाच्या घरात रंगनाना निकम शिरायचे. हातात स्टीलचा पेला. पेला म्हणजे आपण पाणी पितो तो नव्हे. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा माणूस ज्यातून ओततो, साधारण तेवढा. त्यात काठोकाठ हिरवं काहीतरी.

"चालू द्या, चालू द्या," म्हणत नाना जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढायचे. "आपल्याला काय बी नको. मी जेवत नाय, मी पितो."

आणि मग आपण जेवत असताना ते समोर बसून प्यायचे. आपला प्रत्येक घास बघत.

नानांचा उभा जन्म लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या लिलावात गेलेला. ट्रॅक्टरच्या रांगेच्या या टोकाला त्यांनी भाव पुकारला की त्या टोकाचा शेतकरी झोपेतून उठायचा, असं ते स्वतःच सांगतात आणि आवाज ऐकल्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही. आडत पुतण्याच्या हवाली करून ते आणि काकू इथे नाशकात, इंदिरानगरला राहायला आले. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगी सोनल हैदराबादला. राहता राहिले नाना आणि त्यांचे दोन गुडघे.

गुडघ्यांनी आधी कुरकुर केली, मग संप पुकारला. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. सोनल तिकडून कामाला लागली. तिने मोबाईलवरची एक आहारतज्ज्ञ गाठली. दोन्ही वेळचं जेवण बंद, त्या जागी स्मूदी, असा निकाल लागला. कुरिअरने नवा मिक्सर आला. नानांनी तो खोक्यातून काढून, हळदकुंकू वाहून, ओट्यावर बसवला.

"आता बघा चष्मेवाले," ते मला म्हणाले. माझं मेनरोडला चष्म्याचं दुकान आहे, म्हणून मी चष्मेवाले. "दिवाळीला मी तुमच्या संग पांडवलेणी चढतो का नाय!"

नानांनी हे काम अंगावर घेतलं ते पूर्वी कांद्याचा हंगाम घेत असत त्याच जोरात. पालक, दुधी, दही, अळशी, भिजवलेली नागली, म्हणजे नाचणी. नागली सुरगाण्याचीच पाहिजे, म्हणून तिकडच्या एका जीपवाल्याशी त्यांनी मैत्री केली. तो बिचारा दर आठवड्याला पिशवी आणून देई आणि बदल्यात नानांच्या हातचा पेलाभर माल त्याला प्यावा लागे. पुढे पुढे तो पिशवी वॉचमनकडे ठेवून गाडी वळवायला लागला.

आहारतज्ज्ञ बाईंनी 'चवीत बदल करत राहा' असं सांगितल्यावर तर कहर झाला. लासलगावच्या माणसाने चवीत बदल करायचा म्हणजे काय करायचा? केळं, दही आणि वर एक अख्खा उन्हाळ कांदा. नाना तो प्रकार मोठ्या कौतुकाने घरोघर वाटून आले. मी एक घोट घेतला आणि मला शाळेतला एक जुना अपमान आठवला, इतकंच सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी तो तुळशीच्या कुंडीत ओतला. तुळस वाचली, पण महिनाभर तिचा चेहरा काही ठीक नव्हता.

"कांद्यानं रक्त पातळ होतं," नाना म्हणाले.

"केळ्याचं काय होत असेल नाना?"

"केळं आपलं सोबतीला."

पण पिण्यापर्यंत ठीक होतं. खरा छळ होता तो समोर बसण्याचा. मी दुपारी दुकान नोकराच्या भरवशावर टाकून घरी येतो ते फक्त जेवायला. दिवसभरात मनापासून करावं असं तेवढं एकच काम माझ्या वाट्याला आहे. आणि तिथे नाना लिलाव मांडून बसत. मी पोळीकडे हात नेला की यांचा पुकारा सुरू. "चष्मेवाले तिसरी पोळी घेतायत... तिसरी पोळी एक वार... तिसरी पोळी दोन वार..." हात आपोआप मागे यायचा. तूप वाढलं की "पाऊस लय झाला, माल सडंल." लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं की नुसतेच खोकायचे.

माझी बायको वसुधा फुलके करते. नाजूक, एकसारखे. नानांनी पहिल्याच दिवशी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, माल एक नंबर, पण ही तर गोल्टी झाली." गोल्टी म्हणजे मार्केटात बाजूला काढलेला बारका कांदा. वसुधा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी का, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने ताटाबाहेर लोंबणारी पोळी केली, तेव्हा नानांनी पेला खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

कुलकर्णी जेवायच्या वेळी आतून कडी घालायला लागले. काही उपयोग झाला नाही. नाना बाहेर उभं राहून आत काय शिजलंय ते साऱ्या जिन्याला सांगायचे. शेवटी शेपूच्या भाजीची दवंडी पिटल्यावर कुलकर्णीबाईंनीच दार उघडलं.

याचा परिणाम असा झाला की बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांची वजनं उतरली. माझा पट्टा आतल्या भोकात गेला. कुलकर्ण्यांना जुनी सफारी व्हायला लागली. वजन उतरलं नाही ते फक्त नानांचं.

दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे काट्यावर उभे राहायला येत. आधी घड्याळ काढायचे, मग चष्मा, किल्ल्या, मोबाईल, खिशातला रुमाल. वर पुन्हा धोतराकडे बोट दाखवून म्हणायचे, "बारदान वजा करा, चष्मेवाले." पोत्यातल्या मालाच्या वजनातून पोत्याचं वजन काढतात तसं. धोतर वजा केलं, टोपी वजा केली, तरी काटा तिथल्या तिथेच. कधी कधी तर किंचित पुढे.

"काटा मारतोय तुमचा," नाना म्हणायचे.

फोनवर सोनल हवालदिल झालेली ऐकू यायची. केळं बंद झालं. चिकू बंद झाला. दह्याचं ताक झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी म्हणे असा रोगीच पाहिला नव्हता. इकडे गुडघे सुजत चालले होते. जिन्यातला चपलांचा आवाज लांबत लांबत गेला, मध्येच थांबायला लागला. पण पेला घेऊन येणं काही चुकलं नाही. आम्हाला काळजी वाटायला लागली. चिडचिड करता करता माणूस अंगवळणी पडतो, आणि मग त्याचा गुडघा आपल्याला दुखायला लागतो.

एके सकाळी मी चष्म्याच्या काचांचं पार्सल घ्यायला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनकडे निघालो होतो. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे सगळं जॅम. स्कूटर बंद करून इकडे तिकडे बघत होतो, तर समोरच्या मिसळीच्या हॉटेलात, खिडकीजवळच्या बाकावर, ओळखीची टोपी.

स्कूटर तशीच बाजूला लावली आणि आत गेलो. नानांच्या समोर मिसळ होती. तर्रीचा लाल थर, बाजूला पापड, पलीकडे जिलबीची ताटली आणि एक रिकामी प्लेट. म्हणजे ही दुसरी.

"नाना!"

नाना दचकले नाहीत. उलट सरकून त्यांनी मला जागा केली. "बसा. पाव गरम हे."

"अहो काय चाललंय हे? ती पोरगी तिकडे रडकुंडीला आलीये. आम्ही सगळे इकडे काटा बदलायच्या गोष्टी करतोय. आणि तुम्ही?"

"रोज नाय येत. धोतर ढिलं झालं की येतो."

मला काही बोध होईना. "म्हणजे मुद्दाम? वजन उतरू नये म्हणून?"

नानांनी पावाचा तुकडा तर्रीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "वजन उतरलं की सोनल ते हिरवं बंद करणार. मंग म्हणणार, नाना, आता साधं जेवा."

"मग जेवा की!"

"कुठं?"

हॉटेलातला पोऱ्या पाणी ठेवून गेला. लिलावात गाजलेला तो आवाज आता इतका खाली आला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"घरी पोळीवाली बाई येऊ शकते. पण टेबलावर एकटं बसून ताटात वाढून घ्यायचं... पहिले चार महिने केलं मी ते. घास फिरतो नुसता तोंडात. आन् जेवायच्या वक्ताला दुसऱ्याच्या घरी जाता येतं का? आपल्यात तशी रीतच नाय. गेलं की त्या घरची बाई उठणार, ताट घेणार, आपल्यातलं काढून वाढणार. एक दिवस ठीक. रोज गेलं तर लोक दार लावतील. डबा घेऊन गेलं तर तिचा अपमान, की बाई, तुझ्या हातचं नको. पण हा पेला हातात असला ना चष्मेवाले, की कुणाला उठावं लागत नाय. मी पाहुणा बी नाय आन् भुकेला बी नाय. चार माणसं जेवताना दिसतात. आवाज होतो भांड्यांचा. बरं वाटतं."

"आणि गुडघा?"

"दुखंल. मला जायचंय कुठं? जिन्यापर्यंत तर जायचंय."

पार्सल त्या दिवशी राहिलंच. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या ताटलीतली जिलबी उचलून खाल्ली, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून.

घरी येऊन वसुधाला सांगितलं. तिने हातातला डाव खाली ठेवला. "आणि मी समजत होते, माझ्या फुलक्यांना नावं ठेवायला येतात," म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मग तिने मला न विचारता सोनलला फोन लावला. मिसळीचं तेवढं सगळं सांगितलं. त्यामागचं एक अक्षर सांगितलं नाही. "गुडघा तो गुडघा," फोन ठेवून ती म्हणाली. "त्याला लाड चालायचे नाहीत."

सोनलने एका तासात कारभार हातात घेतला. स्मूदी बंद. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंकडून कमी तेलाचा डबा सुरू. मिसळवाल्याच्या दिशेला जायची बंदी. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या मजल्यावरच्या दाराला दुपारी डबा लटकायला लागला आणि मिक्सरचा आवाज थांबला.

मी निवांत जेवायला लागलो. तिसरी पोळी घेतली, चौथी घेतली, कुणी पुकारलं नाही. खरं सांगतो, मला तिची चव लागली नाही. कुलकर्ण्यांनी कडी घालणं सोडून दिलं. उलट त्यांचं दार अर्धवट उघडं दिसायला लागलं.

आम्ही नानांना बोलावलं नाही असं नाही. वसुधाने रीतसर आमंत्रण दिलं. तेव्हा नाना इस्त्रीचा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन आले. पाटावर बसल्यासारखे ताठ बसले. मोजकं जेवले, पोळ्यांची स्तुती केली आणि हात जोडून निघून गेले. फुलक्याला गोल्टीसुद्धा म्हणाले नाहीत. पुन्हा बोलावलं तर म्हणाले, "आत्ताच तर झालं की. घडीघडी काय त्रास द्यायचा?"

असे बरेच दिवस गेले. डब्याने काम चोख केलं. नानांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला.

मग परवा, आम्ही नुकते टेबलाशी बसत होतो, तर दारात नाना. दार उघडंच होतं, पण ते उंबऱ्याच्या बाहेर उभे. दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागे घेत होते, कधी चौकटीला लावत होते.

"डॉक्टरकडून आलो. ऑपरेशनला हो म्हणाले. वजन बसलं म्हणे हिशोबात," ते म्हणाले. "तुमच्या कानावर घालावं म्हणलं."

"अरे वा! या ना आत, नाना."

"नाय नाय. तुमची जेवायची वेळ दिसते. येतो मागून." आणि ते तसेच उभे. जाईनात.

या बसा म्हणावं तर ते पाहुणे होणार, हे मला कळत होतं. न म्हणावं तर जिना उतरणार. मी वसुधाकडे बघितलं. स्वयंपाकघरातून भरल्या वांग्यांचा असा घमघमाट सुटला होता की तो जिन्यापर्यंत गेला असणार.

वसुधाने शांतपणे कढईवर झाकण ठेवलं आणि बाहेर आली.

"नाना, बरे आलात. आमची भाजी पार करपली हो. तुमच्या डब्यात असेल ना काही? आम्हाला दोघांना पुरेल एवढी द्याल का?"

नानांनी नाक वर केलं. कांद्याच्या ढिगात एक नासका कांदा डोळे मिटून हुडकणारं ते नाक. त्यांनी वसुधाकडे बघितलं, मग झाकलेल्या कढईकडे, मग पुन्हा वसुधाकडे.

"करपली?"

"अगदी तळाला लागली."

टोपी काढून नानांनी कपाळ पुसलं, डोळेही पुसले आणि टोपी पुन्हा घातली.

"दोडका हे," ते म्हणाले. "बिनतेलाचा."

"चालेल की!" मी म्हणालो. मला जगात दोडक्याइतकं दुसरं काही नावडत नाही.

"बसू नका तसंच. पोळ्या गार होतील," नाना म्हणाले आणि वळले. कठड्याला धरून एक एक पायरी उतरताना खालून त्यांचा आवाज आला, तो थेट मार्केटातला, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा:

"आलोच! डबा घेऊन आलोच!"

वसुधाने तिसरं ताट घेतलं.