खुर्चीविना वीस मिनिटं

पायाच्या अंगठ्याचं वाकडं हाड कापून सरळ केल्याला दीड महिना झाला, तेव्हा डॉक्टर मर्वतबाईंनी फहीमला चालायला सांगितलं. रोज सलग वीस मिनिटं, मध्ये बसायचं नाही. महिनाभर हे जमलं तरच शुक्रवारच्या फुटबॉलला परवानगी. कैरोतल्या त्यांच्या गल्लीच्या म्हाताऱ्यांच्या संघात फहीम अठ्ठावीस वर्षं बचावाला उभा राहत आला होता. सध्या त्याच्या जागी त्याचा मेहुणा वगदी खेळत होता आणि तो बरा खेळतो, असं लोक म्हणू लागले होते. पायापेक्षा फहीमला हेच जास्त दुखत होतं.

पहिल्या दिवशी तो काठी टेकत निघाला आणि बाराव्या पावलाला सब्री न्हाव्याने खुर्ची आडवी घातली.

"बसा हाजी."

"बसायचं नाहीये रे. चालायचंय."

"माझ्या दुकानावरून तुम्ही लंगडत जाणार आणि मी नुसता बघत राहू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

चहा आला. तो संपतो न संपतो तोच इस्त्रीवाल्याने खुर्ची काढली. सब्रीकडे बसलेला माणूस आपल्याकडे बसत नाही म्हणजे काय? मग फळवाला. दुपारी फहीम घरी पोचला तेव्हा पोटात सात चहा होते आणि चाल साठ पावलांचीही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी काठी घरी ठेवली, तर लंगडणं आणखीच दिसलं आणि खुर्च्या रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या. परक्या मोहल्ल्यात गेला, तर नव्वदीच्या एका आजोबांनी आपलीच खुर्ची सोडून दिली. आठवड्यात फहीमचं वजन दोन किलोंनी वाढलं.

नवव्या दिवशी तो असाच मशिदीसमोर बळेच बसवला गेला असताना आतून जनाजा, कुणाची तरी अंत्ययात्रा, निघाला. सगळे उठले, फहीमही उठला आणि रीत म्हणून चार पावलं जायचं, म्हणून जनाज्यामागे चालू लागला. कब्रस्तानाच्या फाटकाशी त्याने घड्याळ पाहिलं. तेवीस मिनिटं झाली होती आणि वाटेत कुणी खुर्चीचं नावही काढलं नव्हतं.

तेव्हापासून तो रोज दुपारच्या नमाजानंतर तिथे हजर राहू लागला. फुकटचं चालणं नको म्हणून मृताचं नाव विचारायचा, मनापासून दुआ मागायचा. पंधराव्या मिनिटाला अंगठ्यात आग पेटायची आणि डोळे घळाघळा वाहायचे. धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या जनाज्यात तर त्याचं रडणं पाहून व्यापाऱ्याच्या तिन्ही मुलांना शंका आली की, बापाने गुपचूप दुसरा निकाह केला होता आणि हा त्या बाईचा भाऊ.

थोरल्याने त्याला बाजूला घेतलं. "खरं सांगा काका, तुमची बहीण कुठे असते?"

फहीमची सख्खी बहीण कैरोच्याच शुब्रा भागात राहायची. "शुब्र्याला," तो म्हणाला.

शेवटी त्याच्या बायकोला, नवालला, त्या घरी जाऊन शपथेवर सांगावं लागलं, की हे नुसते चालायला आले होते.

"अहो, लोक काय काय बोलतायत, कळतंय का?" घरी आल्यावर ती म्हणाली. "फहीम ज्याच्या मागे लागतो तो थेट मातीत जातो म्हणे."

त्याला ते खोटं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सब्री त्याला पाहून खुर्ची घाईने आत ओढत म्हणाला, "हाजी, माझी तब्येत अगदी ठणठणीत आहे हं."

महिना भरला. डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून पाहिला आणि परवानगी दिली. शुक्रवारी वगदी स्वतःहून बाजूला झाला. "खेळा भावोजी," तो दोन हात लांबून म्हणाला, "माझ्याबद्दल मनात काही ठेवू नका."

समोर मासळीबाजारचे म्हातारे होते, सगळे साठीपुढचे. चेंडू फहीमच्या पायाशी आला. पाय साथ देईल का, ही धास्ती होतीच. तो पुढे निघाला. ब्लडप्रेशरवाला मुनीर बाजूला झाला. मधुमेहवाला अत्ता बाजूला झाला. फहीम गोलपाशी पोचला, तेव्हा गोलरक्षक हात जोडून कुजबुजला, "हाजी, पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे," आणि खांबामागे जाऊन उभा राहिला.

फहीमने ऑपरेशन झालेल्या अंगठ्याने चेंडू आत ढकलला. अठ्ठावीस वर्षांतला त्याचा पहिला गोल. आनंदाने त्याचे डोळे भरून आले आणि पाणी गालांवर ओघळलं.

ते पाहून दोन्ही संघांतले म्हातारे मुकाट्याने आपापली नाडी तपासू लागले.