वेणू तांडेल हिचे मोकळिकीची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न असो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयीं एके जलक्रीडेचे संस्थानीं वर्तमान जाहलें तें ऐसें कीं, लाटांचे तळ्यावर पहाऱ्यास वेणू तांडेल म्हणोन किनाऱ्याकडील कोळियाची लेक होती, करार दिवाळीपावेतों, आणि एके दुपारीं पांच वर्षांची मुलगी गर्दींत पाण्याखालीं गेली, ती वेणूनें उडी घालोन वर काढिली, पोर वांचली. मग कारभारी अनंतराव शिरगांवकर यांनीं समस्तांदेखत शाल व नारळ देऊन गौरव केला. परंतु ते दिवसापासोन वेणूचे जिवास स्वस्थता म्हणोन राहिली नाहीं, जेवतां उठावें आणि तळें पाहोन यावें, कोणी बुडी मारिली कीं तो वर येईतों आंकडे मोजावे, आणि एके दिवशीं तर तीन वेळां शिट्टी फुंकोन अवघें तळें रिकामें करविलें, आंत कोणी बुडत नव्हतें, आणि लोक ओलेत्यानें काठावर कुरकुरों लागले.

मग वेणू कारभाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, मला मुदतीआधी मोकळं करा."

अनंतराव बोलिले, "आठ दिवस रजा घे. एवढं नांव मिळवलंस, आणि जातेस?"

"रजेवरून परत इथंच यायचं ना."

"मग तिकिटाच्या खिडकीवर बसवतो."

"खिडकीतनं तळं दिसतं, साहेब."

मग अनंतराव पुसते जाहले, "त्या दिवशीचं काय आठवतं?"

"ती खाली गेली तेव्हा मी दुसरीकडं बघत होते. तेवढंच आठवतं."

मग अनंतरावांनीं स्वहस्तें लिहिलें कीं, राजीखुशीनें मोकळीक, चाकरींत कसूर नाहीं, आणि मोहर केली. वेणू वाचोन म्हणाली, "शेवटचं तेवढं खोडा." अनंतराव बोलिले, "ते मी लिहिलंय. तुला खोडता येणार नाही."

वेणू कागद घेऊन तेच दिवशीं गांवीं पोंचली. आईनें पुसिलें, "किती दिवसांची रजा?"

"रजा नाही, आई. सोडून आले. विचारून आले."

"विचारून आलीस ना? मग जेव."

मग वेणू जेविली, परंतु भिंतीस पाठ लावोन आणि दाराकडे तोंड करोन.

परवानगी एके दुपारींत मिळाली. पाठ भिंतीपासोन सुटावयास अवघा पावसाळा लागला. घडलें तें इतकें.