टँकरवरची लाल रेघ

नव्या जागेबद्दल बायकोची अट एकच होती. गाडी थेट दारात आली पाहिजे. स्वतःची गाडी त्यांच्याकडे नव्हतीच, अट होती ती तिच्या दादाच्या गाडीसाठी. हा दादा बहिणीला भेटायला यायचा, पण गाडीतून उतरायचा नाही. जुन्या घराची गल्ली अरुंद होती, आणि गाडी बाहेर लावली तर कोणीतरी घासून जाईल या धास्तीने तो इंजिन चालूच ठेवून नुसती काच खाली करी. बहीण चहाचा कप घेऊन जिना उतरे, तो दोन घोटांत कप रिकामा करी आणि "बरंय मग" म्हणून निघून जाई. इतक्या वर्षांत तो तिच्या घरात नीट टेकलासुद्धा नव्हता. ती हे सगळ्यांना हसून सांगायची, पण कप विसळताना तिचा चेहरा उतरलेला असायचा.

तिचे यजमान वजनमाप खात्यातून निवृत्त झाले होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात जन्म गेल्यामुळे लोक त्यांना काटेकोर म्हणत, आणि त्यांना ते आवडेही. गावाबाहेर घेतलेल्या जागेत मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून दोघं राहायला आली होती. पुढे मोठं घर व्हायचं होतं, त्याआधी रस्त्यापासून खोल्यांपर्यंतची उंचसखल जमीन सारखी करून गाडीवाट तयार करायची होती. दादा रविवारी येणार असं कळल्यावर काटेकोरांनी त्याला फोनवरच सांगून टाकलं, "दादा, अशी वाट करतो की ब्रेकला पाय लावायची गरज पडणार नाही." बायकोने फोनकडे अशा काही कौतुकाने पाहिलं की आता माघार शक्यच नव्हती.

जेसीबीवाला हा काळा चष्मा लावणारा आणि कोणत्याही गोष्टीला 'होऊन जाईल' म्हणणारा गडी होता. काटेकोरांनी लेव्हलसाठी जागोजाग खुंट्या ठोकल्या. त्याने मशीन मागे घेताना त्या सगळ्या मोडल्या. काटेकोरांनी पुन्हा ठोकल्या, त्याने वळताना पुन्हा मोडल्या, आणि वर खुंट्या कच्च्या होत्या म्हणाला.

"मग न मोडणारं काय आहे इथे?" काटेकोरांनी विचारलं.

जेसीबीवाल्याने चष्म्यातून चौफेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला विजेचा खांब होता, आणि खोल्यांसमोर माती दाबून बसवताना मारायच्या पाण्यासाठी आणलेला टँकर उभा होता, पाण्याने गच्च भरलेला. "त्याला कोण हलवतंय साहेब," तो म्हणाला, आणि काटेकोरांना ते पटलं.

पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी खांबावर आणि टँकरवर एकाच उंचीची खूण काढली. टँकरवर तर तांबड्या रंगाने रेघ ओढून खाली स्वतःची सही केली. रोज सकाळी या दोन खुणांना दोरी बांधायची आणि दोरीपासून काठीभर खाली जमीन आली की थांबायचं, अशी पद्धत ठरली. नळी लावून खुणा पुन्हा तपासायचा विचार काही त्यांच्या मनात आला नाही. त्यांच्या खात्यात एकदा तराजू तपासून शिक्का मारला की तो वर्षभर खरा असे.

आता टँकर हलत नव्हता हे खरं, पण त्याचा नळ गळत होता. बायकोने खोल्यांच्या कडेने लावलेल्या रोपांसाठी तो थोडा सैल करून ठेवला होता. खालची माती भुसभुशीत. पाणी मुरत गेलं तशी चाकं रुतत गेली, आणि चाकांबरोबर लाल रेघही सहीसकट खाली निघाली. रेघ खाली गेली की दोरी खाली, दोरी खाली गेली की जेसीबीचं तोंड आणखी खाली. टँकर जितका रुते तितकीच भोवतालची माती उकरली जाई, त्यामुळे तो रुतल्याचं दिसेच ना. संध्याकाळी शेजारच्या विहिरीवरून पाइप टाकून तो पुन्हा गच्च भरला जाई, म्हणजे वजनातही कसर नको.

बायकोने एकदा सुचवून पाहिलं. "अहो, आपली पायरी उंच झाल्यासारखी वाटत नाही?"

"पायरी कशी उंच होईल? तुझे गुडघे दुखत असतील. वय झालं आता," काटेकोर दोरीवरची नजर न काढता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पायरीखाली विटा आल्या, मग विटा काढून तिथे स्टूल आलं. स्वतः काटेकोरही स्टुलावरून चढउतार करू लागले आणि आपल्यालाही गुडघ्यांचं तेल आणावं म्हणाले. कडेला मातीचा ढीग खोल्यांच्या छपराशी स्पर्धा करू लागला, तेव्हा जेसीबीवाल्यालाही थोडी शंका आली. काटेकोरांनी त्याला समजावलं की खोदलेली माती फुगते, हे शास्त्र आहे. शास्त्र म्हटल्यावर त्याने पुन्हा मशीन सुरू केलं. शनिवारी मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून वाट इतकी गुळगुळीत झाली की काटेकोर तिच्यावरून उगीचच दोनदा चालून आले. रस्त्याकडे परत जाताना दम लागला, तो त्यांनी आनंदाच्या खाती टाकला.

रविवारी दादाची नवी बुटकी गाडी रस्त्यावर येऊन उभी राहिली. काटेकोरांनी हात करून तिला आत बोलावलं. गाडी वाटेवर वळली, आधी डौलात, मग जरा घाईत, आणि मग दादाचा चेहरा काचेमागे एकदम गंभीर झाला. ब्रेकला त्याने पाय लावला, चांगला दोन्ही पायांनी लावला, पण ओल्या मुरमावरून गाडी आपल्या मर्जीने घसरत आली आणि स्टुलाला हलकेच टेकून थांबली. दारात म्हणजे अगदी दारात.

दादाने सवयीने काच खाली केली, बहिणीने स्टुलावरून पुढे केलेला चहाचा कप रिकामा केला आणि "बरंय मग" म्हणून गाडी मागे घ्यायला लागला. गाडी गेली नाही. चाकं जागच्या जागी फिरली आणि मुरूम काटेकोरांच्या पांढऱ्या पायजम्यावर उडाला. दादाने पुन्हा जोर लावला, काटेकोरांनी मागून रेटा दिला, तरी गाडी खळग्यातच. जेसीबीवाल्याला फोन केला, तर तो दुसऱ्या कामावर गेला होता. शेवटी नाइलाजाने दादाने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि स्टुलावर पाय देऊन तो बहिणीच्या घरात शिरला.

काटेकोरांनी नळी काढली. खांबाची खूण आणि टँकरची खूण यांच्यात कोपरापासून बोटांपर्यंत हातभर फरक निघाला. शिक्के मारण्यात गेलेला सगळा जन्म त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. मान खाली घालून ते मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले.

"टँकर खचला गं. माझंच चुकलं. दादांना काय तोंड दाखवू?"

"मला ठाऊक आहे," बायको चहा गाळत म्हणाली. "आधी या खिडकीतून टँकरच्या आड रस्ता दिसायचा नाही. हल्ली जाणाऱ्या येणाऱ्यांच्या चपलासुद्धा दिसतात."

"मग नळ तरी बंद करायचास."

"करणारच होते. तेवढ्यात तुम्ही माझं वय काढलंत."

बाहेरच्या खोलीत दादा बूट काढून पाय पसरून बसला होता. चहा पोचला, मग बहीण पोचली, आणि बघता बघता आईच्या आठवणी निघून दोघं इतकी हसू लागली की मध्येच डोळे पुसावे लागले. कप कधीचा रिकामा झाला होता, पण तो परत द्यायचं दादाच्या ध्यानातच नव्हतं. बायकोचा असा चेहरा काटेकोरांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्यांना एकदम फार बरं वाटलं.

जेवायला ताटं मांडली गेली, इतक्यात त्यांचा फोन वाजला. ते अंगणात, म्हणजे खड्ड्यात, उतरले. जेसीबीवाला म्हणत होता की काम लवकर आटोपलंय, तासाभरात येऊन गाडी ओढून काढतो, होऊन जाईल.

ते परत वर आले तेव्हा दादाने विचारलं, "काय भावोजी, कधी येतोय म्हणाला?"

काटेकोरांनी बायकोकडे पाहिलं. तिचे हात दादाच्या ताटात वाढता वाढता थांबले होते.

"मशीन मोडलंय म्हणे," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस तरी काही खरं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काटा मारला होता. मग हळूच उठून ते बाहेर गेले, जेसीबीवाल्याला फोनवर दोन-तीन दिवस येऊ नकोस म्हणाले आणि टँकरचा नळ आणखी थोडा सैल करून आले.