बेचाळीस पेल्यांवर पहारा

पुस्तकात वाचून जे येत नाही, ते या जगात नाहीच, असं माझं ठाम मत होतं. मी ग्रंथालयात नोकरी करते. विणकाम, बंद पडलेला मिक्सर उघडणं, पोहणं, सगळं मी वाचून शिकले. (पोहणं अजून पाण्यात करून बघितलेलं नाही.) तेव्हा आई गेल्यावर तिच्या बेचाळीस ब्रोमेलियाडचं काय करायचं, हा प्रश्न मला दोन पुस्तकांचा वाटला!

ब्रोमेलियाड म्हणजे अननसाच्या भाऊबंदांतलं झाड. पानं एकात एक बसून मधोमध खोलगट पेला तयार होतो आणि त्यात पाणी साठतं. आईची झाडं उघड्यावर, मागच्या अंगणात होती. तांबडी, जांभळी, वाघासारखी पट्टेरी. एक तर असं भडक गुलाबी, की त्याच्या शेजारी उभं राहिलं की आपल्यालाच जरा ताप आलाय असं वाटावं.

सात आठवडे आम्ही कोणी मागच्या दाराची कडी काढली नव्हती. आम्ही म्हणजे बाबा, दादा आणि मी. आईचा विषय निघेलसं वाटलं की आमच्यापैकी कोणीतरी उठून पंखा वाढवायचं. त्या दिवसांत आमच्याकडचा पंखा कायम पाचावर होता.

कडी निघाली ती आरोग्य खात्याच्या निरीक्षकांमुळे. हातात टॉर्च, लांब दांड्याचा पांढरा डाव आणि काखेत वही.

"मॅडम, हे काय?"

"ब्रोमेलियाड."

"ते झाडाचं नाव झालं. आत वळवळतंय ते काय?"

मी वाकून बघितलं. पावसाचं जुनं पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या. एक-दोन नव्हे, शाळा सुटावी तशा!

"आठ दिवसांत परत येतो," निरीक्षक म्हणाले. "एका जरी पेल्यात अळी निघाली, तर कुंड्या उचलून नेणार. सगळ्या. या गल्लीत तापाचे नऊ रुग्ण आहेत. मला हौस नाही."

त्यांनी सूचनांचा एक छापील कागद दिला. तो मी घडी करून ठेवला. ज्याला अनुक्रमणिका नाही, ते मी सहसा वाचत नाही.

जेवताना मी जाहीर केलं, "बागेला कोणी हात लावायचा नाही. मी बघते."

"बरं," बाबा म्हणाले.

"बरं," दादा म्हणाला.

आमच्या घरात एका गोष्टीवर दोन पुरुष एका दमात 'बरं' म्हणतात, तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

माझी योजना साधी होती. पाणी नाही तर अळी नाही. आठ दिवस सगळे पेले कोरडे ठेवायचे. माती ओलसर असली की झाड तेवढं तग धरतं, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. पेले उपसायला हत्यारही घरातच सापडलं. शेवटच्या महिन्यात आईला नळीतून पातळ अन्न द्यायची मोठी सिरिंज. ती कपाटात धुऊन, पुसून, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली होती. कोणी ठेवली होती ते मी विचारलं नाही.

पहाटेपासून तीन तास लागले. पाणी फेकायचं नाही हा आईचा दंडक, म्हणून ते न्हाणीमागच्या बादलीत ओतलं. बेचाळीस पेले, खडखडीत! मी हात झटकले आणि समाधानाने ग्रंथालयात गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर बेचाळीसच्या बेचाळीस पेले काठोकाठ भरलेले!

आभाळाकडे बघितलं. ढगाचा तुकडा नाही. सगळे झोपल्यावर पुन्हा उपसले. सकाळी बघितलं, कोरडे होते. संध्याकाळी पुन्हा तुडुंब! तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. सिरिंज ओढून ओढून माझा अंगठा टोमॅटोएवढा झाला. ग्रंथालयात शिक्का मारताना मी कळवळले, तर वाचकाला वाटलं पुस्तक द्यायचं माझ्या जिवावर आलंय.

पहिला संशय शेजारच्या काकूंवर. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत. आईचं आणि काकूंचं चार वर्षं बोलणं नव्हतं, कारण काकूंनी एका झाडाच्या बुडाला फुटलेलं पिल्लू न विचारता उचललं होतं. अशा माणसाला सूड घ्यायला पाणी पुरतं!

"काकू, तुमच्या पाइपचं पाणी आमच्याकडे येतं का हो?"

"माझा पाइप माझ्या घरी असतो. तुमच्या घरात काय काय चाललंय ते तू बघ आधी!"

मी घरात आले. "बाबा, तुम्ही मागे गेला होतात?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत बाबा पंखा वाढवायला उठले. तो पाचावरच होता. त्यांनी तो चारावर आणला आणि पुन्हा पाचावर नेला.

"दादा, तू?"

"मी ऑफिसात असतो दिवसभर." त्याच्या पँटीचे काठ ओले होते. मला वाटलं, त्यांच्या ऑफिसातलं बेसिन गळत असणार. एवढं वाचूनही माणूस इतकं आंधळं असू शकतं!

पाचव्या दिवशी मी शास्त्राचा आधार घेतला. कुंड्यांभोवती गव्हाचं पीठ भुरभुरवलं, म्हणजे पावलांचे ठसे उमटतील. संध्याकाळी ठसे नव्हते. पेले भरून पाणी खाली सांडलं होतं आणि पुराव्याची कणीक मळून तयार होती! तिच्यावर मुंग्यांचा मोर्चा. शिवाय त्या पट्टेरी झाडाचं बुडाजवळचं एक पान मऊ पडलेलं. सडायची पहिली खूण. रोज उपसायचं, रोज भरायचं, कुठलं झाड हे सोसेल? त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आईची एवढीच जिवंत वस्तू उरली होती, आणि ती माझ्या हातून जात होती.

सातव्या दिवशी मी दुपारची रजा टाकली, गुपचूप मागच्या फाटकातून आत आले आणि पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. हातात सिरिंज. भरलेली! चोर सापडला की थेट डोळ्यांत.

दोन वाजले. मुंग्या पायांवर चढल्या. मी हलले नाही.

सव्वादोनला भिंतीवरून पाइपाचं तोंड वर आलं. हळूच इकडेतिकडे बघितल्यासारखं करून त्याने भिंतीजवळच्या पहिल्या पेल्यात धार धरली. काकू! मी उठणार, तेवढ्यात मागचं दार करकरलं. बाबा. हातात चहाचं पातेलं, पाण्याने भरलेलं. ते झाडासमोर उकिडवे बसले आणि लहान मुलाला औषध पाजावं तसं थोडं थोडं ओतू लागले. मी जागच्या जागी थिजले. एवढ्यात बाजूच्या बोळातून दादा आला. बूट हातात, काखेत दोन बाटल्या!

"थांबा!" मी ओरडले.

बाबांच्या हातून पातेलं सुटलं. दादा कणकेवरून घसरला. काकू दचकल्या, पाइप उसळला, आणि त्याच क्षणी फाटकातून आत पाऊल टाकणारे निरीक्षक नखशिखांत भिजले.

ते एक दिवस आधी आले होते.

"काय चाललंय काय तुमचं?" मी विचारलं.

"तूच सांग!" बाबा म्हणाले. "रोज दुपारी बघतो तर पेले कोरडे. म्हटलं, पोर विसरतेय. बोलावं तर तू आधीच मनाला लावून घेतलेलं. म्हणून आपलं गपचूप..."

"मला वाटलं, बाबांना कळलं तर ते तुझ्यावर चिडतील," जमिनीवरून दादा म्हणाला.

"आणि मला वाटलं, तुम्ही तिघांनी झाडं वाऱ्यावर सोडली!" भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या. "ती बोलत नव्हती माझ्याशी. म्हणून काय तिची झाडं वाळू द्यायची?"

"अहो, तुम्ही भरत होतात तेच तर मी उपसत होते! आणि पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं ना, मी बघते म्हणून?"

"तुझी आईही असंच म्हणायची," बाबा म्हणाले.

बागेत पंखा नव्हता. त्यामुळे आम्हाला एकमेकांकडे बघावंच लागलं.

"तुमचं झालं असेल तर," निरीक्षक टॉर्च झटकत म्हणाले, "मी सुरू करतो."

आणि उसळलेल्या पाइपाने उरलेसुरलेही भरून पेले सगळे तुडुंब! निरीक्षक एकेका झाडापाशी वाकायचे, डाव बुडवायचे, टॉर्च मारायचे. "निरंक." दुसरं. "निरंक." दादाने माझं मनगट धरलं होतं, मी बाबांचं. एकतिसाव्या पेल्यात काहीतरी हललं. निरीक्षक थांबले. वाकले. अजून वाकले. पाइपातून टपटपणारं पाणी सोडलं तर कुठेही आवाज नाही.

"मुंगी," ते म्हणाले.

बाबा कुंडीच्या काठावर बसले.

"बेचाळीस. निरंक. या गल्लीतली सगळ्यात स्वच्छ बाग. रोज ताजं पाणी घालता का?"

दादाने माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे.

"तेच तर कागदावर लिहिलंय. पेले कोरडे करू नका, पाणी बदलत राहा. अळीला वाढायला आठवडा लागतो, तो मिळू द्यायचा नाही. तुम्ही वाचला असेलच."

"वाचलाय ना," बाबांनी अभिमानाने मला पुढे केलं. "ही सगळं वाचते!"

निरीक्षक न्हाणीमागे गेले. बराच वेळ आले नाहीत.

"मॅडम, ही उघडी बादली कोणाची?"

बादलीत पहिल्या दिवसापासूनच्या अळ्या होत्या. हिंडत्याफिरत्या, गुबगुबीत, वरून रोज ताजी भर घातलेल्या. बादली तिथल्या तिथे उन्हात उलटी झाली. निरीक्षकांनी ओली वही उघडली. "'बागेची जबाबदार व्यक्ती' या रकान्यात गेल्या वर्षीपासून एका बाईंचं नाव आहे. ते बदलायचंय?"

बाबा खाकरले. "माझं लिहा."

"माझं लिहा," दादा म्हणाला.

"भिंतीजवळच्या अकरा मी बघते!" काकूंनी हात वर केला.

"रकाना एकच आहे," निरीक्षक म्हणाले. "आणि बादलीबद्दल त्या व्यक्तीला सहा शनिवार आमच्या डास-प्रतिबंध वर्गाला बसावं लागेल. सकाळी सात ते नऊ. शेवटी परीक्षा."

बाबांनी, दादाने आणि काकूंनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं.

आता बेचाळीस झाडं आम्ही वाटून घेतली आहेत, आणि भरलेला पेला उपसायला मला सक्त मनाई आहे. परीक्षेत मला दहापैकी चार मिळाले. पुस्तकातलं सगळं लिहिलं होतं हो! घरी आले तर काकू भिंतीवर कोपरं टेकून वाटच बघत होत्या. "किती गं?"

मी सात सांगितले.