भिंतीपलीकडून ऐकायचा टीव्ही

टीव्ही घेणारा माणूस टीव्हीसमोर उभा राहतो, अशी माझी साठ वर्षांची समजूत होती. ती आमच्या चेरमन बापूंनी बीडच्या एका दुकानात मोडीत काढली. दुकानदार सलीमभाईंनी सगळ्यात मोठा टीव्ही सुरू केला, खाली लांबट स्पीकर जोडला, कोपऱ्यात वूफरचा डबा ठेवला आणि वळून बघतात तर गिऱ्हाईक गायब! बापू शेजारच्या टेलरच्या दुकानात, मधल्या भिंतीला कान लावून उभे. तिथूनच मला ओरडले, "मास्तर, वाढवा म्हणावं! इथं निस्ती शिलाई मशीन ऐकू यायलीय!"

"चाचा, लोगां सामने बैठके सुनते," सलीमभाई कळवळले, "तुम पीछे कायकू जा रे?"

"ज्याला ऐकवायचंय, त्यो पलीकडंच ऱ्हातो."

बापू म्हणजे आमच्या वडवणीकडच्या गावातल्या दूध संस्थेचे चेरमन. संस्थेचा इतिहास थोडक्यात असा: आधी पाऊस गेला, मग चारा गेला, मग जनावरं छावणीत गेली, तिथून बाजारात गेली आणि संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. चेरमन तेवढे शिल्लक राहिले. अजून ते कुठलीही गोष्ट ठराव मांडल्याशिवाय करत नाहीत. जेवायला बसताना "सूचक मी, अनुमोदक कोण?" असं विचारतात. घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे अनुमोदन मांजर देतं. बीडला मांजर नेता येईना, म्हणून मला नेलं.

भिंतीपलीकडं राहतो तो धाकटा भाऊ, नाना. एकाच घराचे मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले. तरुणपणी हे दोघं गावच्या टीमचे ओपनर. एकानं 'ये' म्हणायच्या आत दुसरा पलीकडच्या स्टंपापाशी पोचलेला असायचा. एकदा तर दोघं इतके पळाले की खेळपट्टीला पाट पडला आणि पुढं त्यातून कांद्याला पाणी दिलं, असं मी सांगतो. खोटं वाटलं तर वाटू द्या, आता तिथं ना कांदा आहे ना पाणी. मग संस्थेची निवडणूक आली. दोघं दोन पॅनलमधून उभे राहिले आणि नाना एका मतानं पडला. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद. टँकरवर एकाच्या ड्रममध्ये पाइप असला, की दुसरा आभाळाकडं बघत उभा. आणि आमच्या आभाळात बघण्यासारखं काही असतं तर टँकर कशाला आला असता?

तरी पलीकडून नानाचा आवाज यायचा. तो म्हशीला शिव्या द्यायचा, बादल्या आपटायचा, बातम्या लावून मंत्र्यांशी भांडायचा. बापू अलीकडून सगळं ऐकायचे. यंदा म्हैस गेली. बायको पोराकडं पुण्याला गेली. नाना एकटाच राहिला आणि गप झाला. टँकरवर येई, ड्रम भरी, जाई. हाक मारली तर नुसता बघे.

"मास्तर, लक्षण बरं न्हाई," बापू मला म्हणाले. "त्याला एकदा वरडाय लावलं पायजे."

"मग जाऊन बोला की."

"मी गेलतो दारापर्यंत. दोनदा. त्यो उठून आत गेला."

बापूंच्या मुलानं पुण्याहून टीव्हीला जोडून खेळायचा आपला जुना गेम एसटीनं पाठवला होता. त्यात क्रिकेट होतं. जुन्या डब्बा टीव्हीला त्याची वायर बसेना. त्या रात्रीच बापूंनी नव्या टीव्हीचा ठराव मांडला आणि मांजरानं मान हलवली. "नाना काय पण सोशील," ते म्हणाले, "पर क्रिकेटमधला येडेपणा न्हाई सोसायचा."

असे आम्ही सलीमभाईंकडं. बापूंनी गेम सोबत नेलाच होता. पहिल्या टीव्हीवर बटण दाबलं, बॅट मागाहून फिरली. "दांडी उडाल्यावर बॅट फिरवायलाय बे ह्यो! याच्या आधी आमचा टँकर येतो!" दुसरा नापास. तिसऱ्यावर सलीमभाईंनी खेळासाठीची वेगळी सेटिंग लावली, तेव्हा बॅट वेळेवर फिरली. चित्र कसं आहे, रंग कसे आहेत, हे बापूंनी विचारलंच नाही. वूफरपाशी मात्र ते उकिडवे बसले.

"ह्यो भिंतीला टेकवून ठिवला तर?"

"अरे चाचा, भिंत हिलती. पडोसी झगडा करते."

बापू ताडकन उठले. "झगडा करतेच ना? नक्की? लिहून द्या."

घरी वूफर भिंतीला चिकटवला. पहिल्या दिवशी त्या आवाजानं मांजरसुंब्याच्या ढाब्यांवरचे कप नाचले आणि धारूरच्या किल्ल्याचे दोन चिरे सुटले. भिंतीपलीकडं मात्र काहीच नाही. बापू बॅटिंगला येत, पहिल्याच चेंडूवर उडवून झेल देत. मुद्दाम, असं ते म्हणत. मला ते मुद्दाम वाटत नव्हतं. टीव्हीतला समालोचक 'बाहेरच्या चेंडूवर आउट!' म्हणून कोकलायचा, प्रेक्षक गर्जायचे आणि मग आम्ही दोघं कान देऊन बसायचो. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी बापूंनी एकही ठराव मांडला नाही. जेवलेही नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी बापू नऊ रनांत ऑलआउट झाले आणि भिंतीवर धाडकन काहीतरी आपटलं.

"दादा, आवाज कमी कर! डोस्कं उठलंय! अन् बाहेरचा बॉल सोडाय शीक की, निस्ता आउट व्हायलास!"

बापूंनी लगबगीनं आवाज कमी केला. इतका कमी की त्यांचा श्वास मला ऐकू येऊ लागला. मग तोंड भिंतीकडं वळवून बसले. त्यांचे खांदे हलत होते. मी मास्तर माणूस, पण कुठं बघावं ते मला कळेना.

"चला बापू," मी म्हणालो, "आता दार वाजवू."

"नगं." त्यांनी नाक पुसलं. "दार वाजवलं की आत जाईल त्यो. उद्या याच टायमाला पुन्हा वाढवितो. दिवसातून एकदा वरडला, तरी बास हाय."