मोठ्या बाईंचा तास

मोठ्या बाई सातवीच्या वर्गात शिरल्या तेव्हा त्यांच्या हातात पेन होतं, कपाळावर आठी होती आणि मनात गणिताच्या सरांविषयी चांगला विचार एकही नव्हता.

शाळेचा निकाल सलग तीन वर्षं घसरला होता. शिक्षण खात्याचे साहेब याच आठवड्यात येणार होते आणि शाळा चालू ठेवायची की पलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकायची, ते ठरवणार होते. आदल्या दिवशीच्या सभेत मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. "निकाल का घसरतो? कारण तासाला शिक्षक वर्गात नसतो. उद्यापासून मी स्वतः वर्गात येऊन बसणार. कोण कधी येतो, काय शिकवतो, सगळं बघणार." शिक्षकांनी माना खाली घातल्या होत्या. खेळाच्या सरांनी तेवढ्यात एक जांभई दिली होती, ती बाईंनी लक्षात ठेवली होती.

तर बाई आल्या आणि थेट शेवटच्या बाकाकडे गेल्या. खुर्ची आणायला एक मुलगा धावला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मुलांमध्ये मुलांसारखं बसायचं, हे त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. भिंतीकडच्या जागेवर चिमणी नावाने ओळखली जाणारी किरकोळ मुलगी होती. ती आणखी भिंतीला चिकटली. बाई श्वास रोखून आत सरकल्या. बाक आणि डेस्क एकाच लोखंडी सांगाड्यात जोडलेले होते. दप्तर ठेवायच्या फळीखाली गुडघे घालताना जरा कसरत झाली, पण गेले.

गणिताचे सर घंटेबरोबर आले. बाईंना बघून त्यांनी घाईघाईने खडू उचलला आणि भागाकार सुरू केला. सातवीला भागाकार? बाईंनी भुवया उंचावल्या. मग शेजारी बघितलं. चिमणी ओठ हलवत बोटांवर मोजत होती आणि चुकत होती. पुढचा मुलगाही चुकत होता. सरांनी तिसऱ्यांदा तेच गणित नव्या पद्धतीने मांडलं, तेव्हा अर्ध्या वर्गाचे चेहरे उजळले. बाईंना आठवलं, अभ्यासक्रम मागे पडल्याबद्दल त्यांनी याच माणसाला दोनदा समज दिली होती. तिसरी द्यायचा बेत त्यांनी तूर्त पुढे ढकलला.

तेवढ्यात पेन हातातून निसटून खाली पडलं. बाई उचलायला वाकल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की गुडघे हलत नाहीत.

आधी त्यांनी उजवा पाय ओढून बघितला, मग डावा. वर फळी, खाली आडवी दांडी, मध्ये गुडघे. जाताना ज्या वाटेने गेले होते ती वाट आता नाहीशीच झाली होती. त्यांनी जरा जोर लावला, तसा अख्खा बाक चिमणीसकट किंचाळला. वर्गाने मागे वळून बघितलं. बाईंनी चेहऱ्यावर करडा भाव आणला. वर्ग पुन्हा पुढे वळला. चिमणीने मुकाट्याने पेन उचलून दिलं.

घंटा झाली. गणिताचे सर जाताना मागे आले. "काही सूचना, मोठ्या बाई?"

"सूचना नंतर. मी बसतेय अजून."

"अजून?"

"का? काही अडचण आहे?"

"छे छे, बसा की," असं म्हणून सर गेले. जाताना त्यांनी बाकाखाली ओझरतं बघितल्यासारखं बाईंना वाटलं, पण तो भास असावा.

आता खरं तर "मी अडकलेय, जरा ओढा" एवढं म्हणायचं होतं. पण ज्या शाळेला काल आपण तासभर शिस्त शिकवली, तिने आज आपल्याला दोन्ही काखांत धरून ओढायचं, हे चित्र काही त्यांच्या डोळ्यांना सोसेना. त्यांनी पदराआड नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी अडकलेय," त्या कुजबुजल्या.

"तू रोजच अडकलेली असतेस."

"तसं नाही. खरंच अडकलेय. हलता येत नाहीये."

"मी तुला कधीचा सांगतोय, थोडं काम दुसऱ्यांवर सोपव. सगळं अंगावर घेतलं की असंच होतं." आणि नवऱ्याने, त्याच्याकडेही काम असल्यामुळे, फोन ठेवला.

विज्ञानाच्या बाई आल्या. त्या आज मुलांना उत्साहाने शिकवत होत्या, मुलंही चिडीचूप ऐकत होती. फळ्यावर त्यांनी हृदयाची आकृती काढली. मोठ्या बाईंना फक्त पांढरा उजेड दिसला. खिडकीतलं ऊन फळ्यावर असं पडलं होतं, की मागच्या बाकावरून फळा म्हणजे नुसता आरसा.

"तुला दिसतंय का काही?" त्यांनी चिमणीला हळूच विचारलं.

"नाही, बाई. दुपारी दिसतं."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लक्ष असलं की दिसतं."

मोठ्या बाईंनी डोळे बारीक करून पुन्हा फळ्याकडे बघितलं.

दुसरी घंटा झाली. विज्ञानाच्या बाई अगदी खुशीत बाहेर पडल्या आणि तिसऱ्या तासाला वर्गात कोणी आलंच नाही. थोडा वेळ शांतता होती. मग कुजबुज, मग खोडरबर उडू लागले. मोठ्या बाई सावरून बसल्या. जे शोधायला आलो ते अखेर सापडलं. हाच तो तासाला दांडी मारणारा शिक्षक. त्यांनी पेन उघडलं आणि मोठ्याने विचारलं, "आता कुणाचा तास आहे?"

उडणारे खोडरबर झटकन दप्तरांत गेले.

"घाबरू नका. मी कुणाला काही सांगणार नाही. विषय कुठला?"

"भाषा," कुणीतरी म्हणालं.

"मग भाषा कोण शिकवतं तुम्हाला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी चिमणीच म्हणाली, "तुम्हीच, बाई."

बाईंच्या हातातलं पेन जिथल्या तिथे थांबलं.

"तुम्हाला मीटिंग असते ना," चिमणीने त्यांची बाजू सांभाळून घेतली. "म्हणून आम्ही गप्प बसतो. म्हणजे बऱ्यापैकी."

"मी शेवटची कधी आले होते?"

"सहामाहीच्या आधी. तुम्ही गोष्ट सांगत होता. एक माणूस विहिरीत पडतो. मग शिपाईकाका बोलवायला आले."

"मग?"

"मग काही नाही. तो अजून विहिरीतच आहे."

उठून खिडकीशी जावं, असं मोठ्या बाईंना फार वाटलं. तेही शक्य नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "बरं. सगळ्यांनी माझ्याकडे तोंड करून बसा. त्याला आज बाहेर काढू."

बाकांवर पाय फिरवत, ढकलाढकली करत वर्ग उलटा बसला. गोष्ट बाईंनाही धड आठवत नव्हती, म्हणून त्यांनी मुलांनाच विचारलं, की तो बाहेर येणार कसा. दोर सोडू, शिडी लावू, विहीर पाण्याने भरू म्हणजे तो वर तरंगत येईल, अशी एकेक उत्तरं आली. एरवी तोंड न उघडणारी मुलंही उभी राहून बोलू लागली.

"पण दोर सोडणार कोण?" बाईंनी विचारलं. "तो आत आहे हे कुणाला माहीतच नाही. त्याने हाक का मारली नसेल?"

"लाज वाटत असेल," मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला. "मोठा माणूस असेल ना."

मोठ्या बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्याच वेळी दारात खेळाचे सर आले.

"मोठ्या बाई, साहेब आलेत. ऑफिसात बसवलंय."

"त्यांना इकडेच पाठवा," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

साहेब उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारे होते. त्यांनी आधी वर्गाच्या पाठीमागे गेलेल्या फळ्याकडे बघितलं, मग उलट्या बसलेल्या वर्गाकडे, मग मागच्या बाकावरच्या मुख्याध्यापिकेकडे.

"वर्ग असा का बसलाय?"

"मागच्यांनाही कधी पुढे बसायला मिळावं म्हणून," बाई म्हणाल्या. हे आपल्याला कुठून सुचलं, त्यांचं त्यांना कळलं नाही.

"हं. जरा ऑफिसात या. निकालाचं बोलायचंय."

"साहेब, तास संपल्यावर येते. अर्धवट सोडून नाही येता येणार."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. साहेब मात्र थबकले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना बघून एकही मुख्याध्यापक जागेवर बसून राहिला नव्हता. सगळे धावत यायचे, हार आणायचे, वर्ग वाऱ्यावर सोडायचे. साहेब पहिल्या बाकावर, आता जो शेवटचा झाला होता त्याच्या कडेला बसले. माणूस हाक कशी मारेल यावर मुलांचं भांडण जुंपलं, तेव्हा त्यांनीही हात वर केला.

"तो शीळ घालू शकतो," साहेब म्हणाले. "शीळ घालायला लाज वाटत नाही."

वर्गाला हे पटलं. माणूस शीळ घालून बाहेर आला.

तास संपल्यावर साहेब मागे आले. "शाळा मिळवून टाकायचा विचार होता," ते म्हणाले. "वर्षभर थांबू. तुम्ही वर्गात असता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." बाई बसूनच राहिल्या, त्याचंही त्यांना कौतुक वाटलेलं दिसलं. ते परस्पर निघून गेले.

मुलं मधल्या सुट्टीला पळाली. चिमणी बाकावर चढून डेस्कवरून उतरली आणि तीही गेली. रिकाम्या वर्गात बाईंनी दाराशी घुटमळणाऱ्या खेळाच्या सरांना खुणेने बोलावलं.

"सर, एक नाजूक गोष्ट आहे. माझे गुडघे..."

सरांनी खिशातून पाना काढला, खाली बसले आणि फळीचे नट सैल करू लागले.

"पाना आणलात? तुम्हाला कसं कळलं?"

"दुसऱ्या तासापासून खिशात आहे," सर बाकाखालून म्हणाले.

फळी निघाली. मोठ्या बाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि पायांत जीव येईपर्यंत तशाच थांबल्या. "हे कुणाला सांगू नका."

"सांगणार कुणाला? सगळ्यांना माहीत आहे. गणिताच्या सरांनी तुम्ही पेनासाठी वाकलात तेव्हाच ओळखलं."

"मग सोडवलं का नाही?" बाईंचा आवाज चढला.

सर पाना पुसत उभे राहिले. "येतच होतो. पण विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, माझा तास होऊ दे, पोरं पहिल्यांदा एवढी गप्प बसतील. मग तिसरा तास तुमचाच होता. आम्ही म्हटलं, बाई आयत्या वर्गात आहेत, तर तोही होऊन जाऊ दे."

मोठ्या बाईंनी रागवायला तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं. ते आवरेना, म्हणून त्या पुन्हा बाकावर टेकल्या, पण या वेळी अगदी कडेला.

दारात गणिताचे सर येऊन उभे होते. आत यावं की नाही, अशा बेताने त्यांनी मान पुढे केली.

"मोठ्या बाई, उद्या आठवीत बसाल का? पोरं फार दंगा करतात हो." ते जरा थांबले. "तिथले बाक याहून अरुंद आहेत."